मोटारीचा रंग आणि वाचलेला वेळ

उत्पादनाचा वेग वाढला की श्रमिकांचे कल्याण आपोआप साधते, हा समज भांडवलशाहीच्या पुरस्कर्त्यांनी इतका खोल रुजविला आहे की तो पारखून घेण्याची गरज डाव्या विचारांच्या माणसांनाही अनेकदा वाटत नाही. मोटारीच्या कारखान्यातील रंगकामाचा इतिहास या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे.

मोटार उद्योगाच्या आरंभी गाडी रंगविणे हे घोडागाडी रंगविणाऱ्या कारागिराचेच काम होते. ब्रशाने रंगाचा व व्हार्निशचा एकेक थर द्यायचा, तो वाळू द्यायचा, घासून गुळगुळीत करायचा आणि मग पुढचा थर चढवायचा. एका गाडीला यात कित्येक आठवडे लागत. १९१३ साली हेन्री फोर्डने हायलंड पार्कच्या कारखान्यात जुळणीचा फिरता पट्टा सुरू केला. ज्या सांगाड्याच्या जुळणीला सुमारे साडेबारा तास लागत, ती १९१४ मध्ये दीड तासाच्या आसपास होऊ लागली. रंग मात्र या घाईला जुमानेना. वाळत उभी असलेली प्रत्येक गाडी म्हणजे अडकून पडलेले भांडवल आणि अडलेली जागा. रंग वाळण्याचा काळ ही मालकाच्या हिशेबातली मोठीच अडचण होऊन बसली.

फोर्डचा उपाय सर्वश्रुत आहे. १९१४ ते १९२५ या काळात त्याची ‘मॉडेल टी’ केवळ काळ्या रंगात मिळे. मडगार्डसारखे सुटे भाग रंगाच्या टाकीत बुडवून भट्टीत भाजत. गाडीच्या अंगावर नळीने रंग ओतत आणि ओघळलेला रंग गोळा करून पुन्हा वापरीत. स्वस्त, टिकाऊ आणि सर्वत्र एकच रंग, यामुळे कामाची मांडणी सोपी झाली. पण कारागिराच्या हातातील कसबाला किंमत उरली नाही. पट्ट्याच्या वेगाला कंटाळून कामगार इतक्या संख्येने निघून जात की, १९१३ साली सुमारे १४ हजारांचा ताफा कायम राखण्यासाठी ५२ हजारांवर माणसे नव्याने भरावी लागली. जानेवारी १९१४ मध्ये जाहीर झालेली पाच डॉलरची रोजी ही मालकाची उदारता नव्हती. या गळतीला घातलेला तो बांध होता.

पुढचे पाऊल जनरल मोटर्सने टाकले. या कंपनीत मोठा भागधारक असलेल्या ड्युपाँ या बंदुकीच्या दारूच्या कारखानदाराने नायट्रोसेल्युलोजपासून ‘ड्युको’ हा रंग सिद्ध केला. १९२३ मध्ये ‘ओकलंड’ गाडीवर तो प्रथम झळकला. फवाऱ्याने मारावयाचा हा रंग झपाट्याने वाळे. आठवड्यांचे काम तासांवर आले. आता हवा तो रंग देता येऊ लागला. मग दर वर्षी नवे मॉडेल आणि ते घेण्यासाठी हप्त्याची सोय! गरज भागविणाऱ्या बाजारपेठेने असमाधान पिकविण्याची कला येथे हस्तगत केली.

ग्राहकाला रंगाची निवड मिळाली, मालकाचे भांडवल मोकळे झाले. फवारा हातात धरणाऱ्याला काय मिळाले? द्रावकांची वाफ आणि रंगाचे धुके. रंगाऱ्यांना शिशाची विषबाधा होते, हे डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी १९१३ च्या सुमारासच साधार मांडले होते. म्हणजे अज्ञानाची सबब नव्हती. अमेरिकेतील मोटार कारखान्यांत काळ्या कामगारांच्या वाट्याला बहुधा ओतशाळा, घासकाम आणि फवारणी हीच खाती येत. जन्मावरून घाण आणि घातक काम ठरविण्याची रीत आपल्याकडील वाचकाला नव्याने समजावून सांगावयास नको.

बदल घडला तो संघटनेमुळे. ३० डिसेंबर १९३६ रोजी फ्लिंट येथे कामगारांनी गाड्यांचे सांगाडे बनविणारे कारखाने ताब्यात घेतले आणि आत ठाण मांडले. पट्ट्याचा असह्य वेग हे त्यांच्या संतापाचे प्रमुख कारण होते. ४४ दिवसांनी जनरल मोटर्सला युनियनशी करार करावा लागला.

याचा अर्थ यंत्राला विरोध करावा असा नव्हे. १९६९ मध्ये नॉर्वेच्या ट्राल्फा कारखान्याचा फवारणी करणारा यंत्रमानव बाजारात आला. माणसाच्या फुफ्फुसाचे काम यंत्राने घेतले, तर समाजवाद्याने त्याचे स्वागतच केले पाहिजे. मात्र फुफ्फुस वाचले आणि भाकरी गेली, असा सौदा कामगाराच्या माथी मारता कामा नये.

आपल्याकडे ‘ड्युको’ हा शब्द सुतारांच्या तोंडीही रुळला. त्यासोबत यावयाची दक्षता मात्र आली नाही. रंगाऱ्याच्या व्यवसायात कर्करोगाचा धोका आहे, असा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८९ मध्ये दिला. आजच्या रंगांतील आयसोसायनेटमुळे दमा जडतो, हेही सिद्ध आहे. तरीही गल्लीतल्या गॅरेजात तोंडाला रुमाल बांधून फवारा मारणारा तरुण दिसतो. पाचसात माणसांचे गॅरेज कारखान्याच्या कायदेशीर व्याख्येत बसत नाही आणि युनियनच्या कार्यकर्त्याच्या वहीतही त्याचे नाव नसते. पहिली उणीव सरकारची आहे, दुसरी चळवळीची. योग्य मुखवटा, हवा खेचणारा पंखा आणि वर्षातून एकदा छातीची तपासणी, एवढ्या मागणीपासून आरंभ करता येईल. वेगाचा लाभ कोणाला आणि त्याची किंमत कोणाला, हा प्रश्न विचारण्यासाठी मोठ्या कारखान्याचे फाटक गाठण्याची आवश्यकता नाही; तो आपल्या गल्लीतच उभा आहे.