लोखंडाची चाकं

माझ्या गाडीला लोखंडाची चाकं आहेत आणि मी जिवंत आहे तोवर लोखंडाचीच राहतील. घरात यावरून भांडण झालं, सोयऱ्यात हसू झालं, तरी माझं म्हणणं बदललं नाही. का बदललं नाही ते एकदा नीट लिहून ठेवतो.

गाडी जुनीच घेतली होती, फोर बाय फोर. पोरानं हौसेनं नागपूरहून अलॉयची चाकं आणून बसवली. मी कुरकुर केली तर म्हणाला, "बाबा, या जमान्यात लोखंडी चाकं कोन लावते? गाडी बंडीवानी दिसते."

मी म्हटलं, "बंडीवानी दिसली तं दिसू दे. बंडीवानी पोहचली पायजे."

पण पोरांपुढे बापाचं किती चालतं?

2021 च्या पावसाळ्यातली गोष्ट. आमचं शेत उमरेड तालुक्यात, डांबरी रस्त्यापासून दोन किलोमीटर आत. मध्ये पांधण आणि एक नाला. काळी कन्हारी जमीन, पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या गुडघाभर होतात आणि चिखलाखाली गोटा आहे की नाही ते चाक आदळल्यावरच कळतं. आठ दिवसांआधी तसाच एक गोटा लागून मागचं चाक तडकलं होतं. स्टेपनी चढवली आणि तडकलेलं चाक नागपूरला दुकानात दिलं. दुकानदार म्हणाला, दुरुस्त होणार नाही, त्याच सेटमधलं दुसरं मागवावं लागेल. ते आलंच नव्हतं.

अशात रात्री शेजारच्या शेतातल्या गड्याच्या पोराला मण्यार चावली. पोरगा बारा वर्षांचा. खोपडीतून त्याला गाडीत घातलं, निघालो. नाला चढताना समोरचं चाक आदळलं. कडेपासून आतपर्यंत चीर गेली आणि हवा एका दमात निघून गेली. स्टेपनी तर आधीच लागलेली. पोराच्या पापण्या खाली पडत होत्या, माय रडत होती आणि आम्ही पाच जण चाकावर बॅटरी मारून उभे. गावातून ट्रॅक्टर आला, त्यावर पोराला रस्त्यापर्यंत नेलं, तिथून दुसऱ्याच्या गाडीनं दवाखान्यात. पाऊण तास असाच गेला. पोरगा वाचला. पण तो पाऊण तास मी विसरलो नाही.

आता कोणी म्हणेल, काका, एवढ्या जोरानं आदळलं तर लोखंडाचं चाकही गेलं असतं. बरोबर आहे. पण जाण्या-जाण्यात फरक आहे. लोखंडी डिस्क मार बसला की बहुधा वाकते. ओतीव अलॉय थोडंच वाकतं, मग तडकतं. वाकलेली कड गावातला लोहार घणानं ठोकून सरळ करतो. हवा थांबत नसेल तर आत ट्यूब घालतो. आठ दिवसांआधीचं चाक लोखंडाचं असतं तर त्याच संध्याकाळी दुरुस्त होऊन आलं असतं आणि त्या रात्री स्टेपनी गाडीच्या मागे राहिली असती. माझा सगळा वाद एवढाच आहे.

अलॉयला वेल्डिंग करणारे आहेत. पण ते चाक कारखान्यात ओतल्यावर आंच देऊन कडक केलेलं असतं. वेल्डिंगची आग लागली की त्या जागची ताकद उतरते. वरून रंग मारला की दिसायला चांगलं, पण त्यावर लेकराबाळांना बसवू नये.

मी अल्युमिनियमचा वैरी नाही. आमच्या नागपुरातच वाडीला, अमरावती रोडवर, अल्युमिनियमवर संशोधन करणारी देशाची संस्था आहे. हा धातू लोखंडाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या वजनाचा. चाक जाड करावं लागतं म्हणून तेवढी बचत होत नाही, तरी बहुतेक वेळा हलकं होतं. हलकं चाक खड्ड्यातून चटकन वरखाली होतं, ब्रेकची आंच लवकर सोडतं, लोखंडासारखं गंजत नाही. शर्यतीच्या गाड्यांनाही अलॉयच असतात. पण त्यांच्यामागे चाकं आणि मेकॅनिक भरलेली गाडी येते. माझ्यामागे कोण येतं? समृद्धी महामार्गावर नागपूर ते मुंबई 701 किलोमीटर काँक्रीटवरून जाणाऱ्यानं खुशाल अलॉय लावावं. ठोकून सरळ केलेली डिस्क घेऊन तिथं 120 नं जाऊही नये, ती थरथरते.

दुसरी गोष्ट मापाची. मोठं चाक म्हणजे भारी गाडी, असं सगळ्यांच्या डोक्यात बसलं आहे. 2020 च्या थारचं पाहा: 16 इंची लोखंडी चाकावर 245/75 चा टायर, 18 इंची अलॉयवर 255/65 चा. हिशेब केला तर पहिल्यात रबराची भिंत 184 मिलिमीटर, दुसऱ्यात 166. गोट्याचा मार आधी रबर खातं, मग रिम. म्हणजे जिथं मार जास्त, तिथं रबर जास्त पाहिजे. लढाईतल्या विलीस जीपलाही 16 इंची लोखंडी चाकंच होती. 1947 पासून महिंद्रानं मुंबईत त्याच जीपा जोडायला सुरुवात केली. त्यांना पांधण नवी नव्हती.

माझा राग चाकावर नाही, विकण्याच्या रीतीवर आहे. चांगलं मॉडेल मागितलं की अलॉय गळ्यात येतात आणि लोखंडी चाक म्हणजे गरिबाची निशाणी ठरते. जाहिरातीत गाडी चिखल उडवते, पण चिखलात चाक गेलं तर रात्री कुठं जायचं ते जाहिरात सांगत नाही.

बंडीच्या चाकाचा आरा मोडला तर सुतार होता, धाव ढिली झाली तर लोहार होता. दोघंही हाकेच्या अंतरावर. आमच्या बापजाद्यांनी चाक निवडताना तेच पाहिलं असेल. शेतात गाडी नेणाऱ्यानं शोरूममध्ये एवढंच विचारावं: हे मोडलं तर माझ्या गावात कोण दुरुस्त करेल? उत्तर आलं नाही तर लोखंडाची चाकं मागून घ्यावी.

पोरानं उरलेली अलॉय विकून टाकली. तो आता काही बोलत नाही. त्या गड्याचा पोरगा मात्र गाडी दिसली की आधी चाकाकडे पाहतो.