मिश्रणाचा कस

लग्नकार्य जवळ आले की घरातील जुने दागिने मोडीला निघतात. आजीच्या पाटल्या बावीस कॅरेटच्या, मधल्या काळात हौसेने घेतलेला खड्यांचा हार अठरा कॅरेटचा. दोन्ही आटवून नवे काही घडवावे असे ठरते. खडे काढून वजन केले असता पाटल्या ४० ग्रॅम भरतात आणि हार २० ग्रॅम. एकत्र आटवलेल्या या ६० ग्रॅम सोन्याचा कस किती, असे विचारले की बहुतेकांच्या तोंडी झटकन एकच उत्तर येते : बावीस आणि अठरा यांच्या मधोमध, म्हणजे वीस कॅरेट. उत्तर चुकीचे आहे, आणि या चुकीची किंमत सोन्यातच मोजावी लागते.

शुद्ध सोने २४ कॅरेटचे धरतात. बावीस कॅरेट म्हणजे २४ भागांत २२ भाग सोने, उरलेले दोन भाग तांबे, चांदी अशा धातूंचे. मुशीत सोने नव्याने निर्माण होत नाही आणि नाहीसेही होत नाही. म्हणून हिशेब कॅरेटच्या आकड्यापासून सुरू न करता त्या आकड्यामागे किती वजन उभे आहे, येथून सुरू करावा लागतो. ४० गुणिले २२ म्हणजे ८८०. २० गुणिले १८ म्हणजे ३६०. दोन्हींची बेरीज १२४०. तिला एकूण वजनाने, म्हणजे ६० ने भागले की २० पूर्णांक दोन तृतीयांश कॅरेट हा खरा कस मिळतो. १२४० ला २४ ने भागले असता शुद्ध सोने सुमारे ५१.६७ ग्रॅम येते. वीस कॅरेट धरून हिशेब केला तर ते केवळ ५० ग्रॅम भरते. म्हणजे एका उतावळ्या सरासरीत घराचे दीड ग्रॅमहून अधिक शुद्ध सोने हातचे जाते. डाख, मळ आणि आटणीतील घट यांची वजावट वेगळी. ती रीतसर दाखवून करता येते. हा तोटा मात्र कोठेच दिसत नाही.

वजने उलट असती, म्हणजे पाटल्या २० ग्रॅमच्या आणि हार ४० ग्रॅमचा असता, तर ४४० आणि ७२० मिळून ११६० झाले असते आणि कस १९ पूर्णांक एक तृतीयांश आला असता. तेव्हा वीस कॅरेट धरणाऱ्या सराफाला भुर्दंड बसला असता. साधी सरासरी ग्राहकाची मित्र नाही आणि दुकानदाराचीही नाही. दोन्ही वजने समान असतील तेवढ्यापुरतीच ती खरी ठरते. एरवी मिश्रणाचा कस ज्या बाजूचे वजन अधिक, त्या बाजूला झुकतो. या हिशेबाला आज भारित सरासरी म्हणतात.

नाव आजचे असले तरी रीत फार जुनी आहे, आणि ती जैन गणितपरंपरेत ठळकपणे आढळते. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग यांच्या काळात, इसवी सन ८५० च्या सुमारास, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यातील ‘मिश्रकव्यवहार’ या प्रकरणात मुद्दल आणि व्याज यांच्या एकत्रित रकमेपासून भागीदारीच्या वाटणीपर्यंत व्यापाऱ्याच्या रोजच्या कामाचे प्रश्न येतात, आणि सोन्याच्या मिश्रणाचे गणित ‘सुवर्णकुट्टीकार’ या नावाने येते. तेथे शुद्धतेला ‘वर्ण’ म्हटले असून सोळा वर्णांचे सोने हे पूर्ण शुद्ध मानले आहे. नियम वर सांगितला तोच : प्रत्येक तुकड्याचे वजन आणि त्याचा वर्ण यांचे गुणाकार मिळवावेत आणि एकूण वजनाने भागावे. या ग्रंथाची हिंदी अनुवादासह आवृत्ती १९६३ मध्ये सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेने प्रसिद्ध केली, ही महाराष्ट्रातील समाजाने आवर्जून लक्षात ठेवावी अशी गोष्ट होय. पुढे दिल्लीच्या टांकसाळीचा अनुभव असलेले जैन गृहस्थ ठक्कुर फेरू यांनी १३१८ मध्ये ‘द्रव्यपरीक्षा’ लिहून तऱ्हेतऱ्हेच्या नाण्यांत कोणता धातू किती आहे, याची नोंद केली. सराफी आणि गणित ही दोन वेगळी शास्त्रे नव्हती, हे या ग्रंथांवरून ध्यानात येते.

आता उलटा प्रश्न. घरातील त्या ६० ग्रॅमच्या लगडीचे बावीस कॅरेट सोने करावयाचे असेल, तर त्यात २४ कॅरेटचे किती सोने घालावे? येथे तराजूची कल्पना उपयोगी पडते. बावीस हा काटा मानावा. लगडीचा प्रत्येक ग्रॅम काट्यापेक्षा एक पूर्णांक एक तृतीयांशाने उणा आहे. ६० ग्रॅमची एकूण तूट ८०. शुद्ध सोन्याचा प्रत्येक ग्रॅम काट्यापेक्षा दोनने अधिक आहे. तूट आणि वाढ समान होण्यासाठी ८० भागिले २, म्हणजे ४० ग्रॅम शुद्ध सोने लागेल. पडताळा सोपा आहे : १२४० आणि ९६० मिळून २२००, एकूण वजन १०० ग्रॅम, भागाकार बरोबर २२. एकीकडची तूट दुसरीकडच्या वाढीने भरून काढणे, एवढेच या रीतीचे मर्म आहे.

हाच काटा किराणा दुकानातही चालतो. एका व्यापाऱ्याने ३२० रुपये किलोचा २० किलो आणि ४२० रुपये किलोचा ३० किलो चहा एकत्र केला, असे समजू. घाईत तो ३७० रुपये हा खरेदीभाव धरतो आणि त्यावर नफा चढवतो. प्रत्यक्षात ६,४०० आणि १२,६०० मिळून १९,००० रुपये झाले; ५० किलोंनी भागले की खरा भाव ३८० रुपये पडतो. प्रत्येक किलोमागे दहा रुपये, म्हणजे एका मिश्रणामागे ५०० रुपये त्याच्या नफ्यातून गळतात. वर्षाअखेरीस विक्री वाढूनही शिल्लक का राहिली नाही, याचे कारण अशा वेळी वहीत सापडत नाही, कारण वहीतील प्रत्येक नोंद खरी असते. चुकलेली असते ती मनात धरलेली सरासरी.

आणखी एक सापळा याहून सूक्ष्म आहे. ६,००० रुपयांचा तांदूळ ४० रुपये भावाने आणि तितक्याच रुपयांचा ६० रुपये भावाने घेतला, तर सरासरी भाव ५० पडला असे वाटते. दोन्हीकडे रक्कम सारखीच आहे ना! परंतु पहिल्या रकमेत १५० किलो आले आणि दुसऱ्या रकमेत १०० किलो. १२,००० रुपयांत २५० किलो, म्हणजे भाव ४८ रुपये. दर किलोमागे असेल तर वजन म्हणून किलोच धरले पाहिजेत, रुपये नव्हेत. नफ्याच्या टक्केवारीचेही तसेच : खरेदीवरील टक्के मिसळताना खरेदीची रक्कम हे वजन, विक्रीवरील टक्के मिसळताना विक्रीची रक्कम हे वजन. ‘हा दर कशामागे आहे?’ हा एक प्रश्न आधी विचारला, तर अर्धे गणित तेथेच सुटते.

मिश्रणाच्या गणिताला नीतीची बाजूही आहे. मिसळणे हा मुळात दोष नव्हे. चहाचे व्यापारी चव साधण्यासाठी मिसळतात, सोनार दागिना टिकावा म्हणून तांबे घालतो. दोष आहे तो मिसळलेले लपवण्यात. तत्त्वार्थसूत्राने अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत हीनाधिक मानोन्मान, म्हणजे खोटी मापे, आणि प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे चांगल्यात हलके मिसळून चांगले म्हणून विकणे, यांची स्पष्ट गणना केली आहे. आज हॉलमार्कवर ९१६ किंवा ७५० असा आकडा असतो; हजार भागांत इतके भाग शुद्ध, एवढी ती कबुली आहे. ज्या दुकानात गुणाकार, बेरीज आणि भागाकार ग्राहकाच्या समोर कागदावर मांडले जातात, तेथे विश्वास वेगळा मागावा लागत नाही.

मुलांनी सोडवावयाचे उदाहरण : एका दुकानात ५२ रुपये आणि ६८ रुपये किलोचा तांदूळ आहे. ५८ रुपये किलो पडेल असे ८० किलो मिश्रण करावयाचे आहे. प्रत्येकी किती किलो घ्यावा? काटा ५८ वर ठेवावा. स्वस्त तांदळाची उणीव ६, महागाची वाढ १०. म्हणून स्वस्त आणि महाग यांचे प्रमाण १० ला ६, अर्थात ५ ला ३. उत्तर : ५० किलो आणि ३० किलो. पडताळा मुलांनी स्वतः करावा, आणि त्यानंतर दुकानातील एखाद्या खऱ्या मिश्रणाचा खरेदीभाव याच रीतीने काढून वडीलधाऱ्यांना दाखवावा.