नवा लॅपटॉप, पण चावी कुणाकडे?

घरात नवा लॅपटॉप आला की मला फोन येतो. "भाई, विंडोज पुन्हा टाकू की आहे तेच चालवू?" माझं उत्तर ठरलेलं आहे: पुन्हा टाका, आणि स्वतःच्या हाताने टाका. त्यावर समोरचा सवालही ठरलेला असतो: "नवाच तर आहे, त्यात खराब काय असणार?"

मित्रांनो, नवा म्हणजे स्वच्छ असं नसतं. २०१४ च्या शेवटी लेनोवोने आपल्या अनेक लॅपटॉपांत सुपरफिश नावाचं जाहिरातींचं सॉफ्टवेअर घालून विकलं. ते ब्राउझर आणि बँकेच्या सुरक्षित साइटच्या मधे बसायचं. त्याचं प्रमाणपत्र सगळ्या लॅपटॉपांत एकच होतं आणि त्याची गुप्त किल्लीही एकच. फेब्रुवारी २०१५ मध्ये एका संशोधकाने ती किल्ली काढून दाखवली. म्हणजे त्याच वाय-फायवर बसलेला कुणीही तुमच्यासमोर नकली बँक उभी करू शकत होता. त्याच वर्षी डेलच्या लॅपटॉपांतही असंच प्रमाणपत्र सापडलं. ही मोठ्या कंपन्यांची गोष्ट झाली.

आता आपल्या गल्लीकडे या. पैसे वाचावेत म्हणून आपण विंडोज नसलेला लॅपटॉप घेतो आणि दुकानदार ते "फुकट" टाकून देतो. माझ्या खालाच्या मुलाने असाच लॅपटॉप आणला. मोठ्या भावाने हप्त्यावर घेऊन दिलेला. मी उघडून पाहिलं तर अँटिव्हायरस बंद, कारण चोरीचं विंडोज चालू करणाऱ्या त्या छोट्या प्रोग्रॅमला तो बंदच लागतो. वर दुकानाचं एक ॲडमिन खातं तसंच राहिलेलं. आणि याच लॅपटॉपवरून पोरगा आधार, पासबुक आणि दाखले स्कॅन करून स्कॉलरशिपचा अर्ज भरणार होता. अनोळखी माणसाने घराची एक चावी स्वतःकडे ठेवली तर आपण कुलूप बदलतो. इथे मात्र शुक्रिया म्हणून घरी येतो!

"वॉरंटी जाईल." विंडोज पुन्हा टाकल्याने हार्डवेअरची वॉरंटी सहसा जात नाही. "पैसे लागतील." लॅपटॉप मूळ विंडोजसह घेतला असेल तर त्याची की मदरबोर्डमध्येच असते, तीच आवृत्ती टाका, इंटरनेट लागताच ते आपोआप चालू होतं. विंडोज घेतलंच नसेल तर उबुंटू किंवा लिनक्स मिंट फुकट आहे आणि हक्काचं आहे. "जमणार नाही." आठ जीबीचा पेनड्राइव्ह लागतो. तो तयार करायचं साधन मायक्रोसॉफ्टच्या साइटवर मोफत मिळतं. वाय-फायचा ड्रायव्हर आधीच उतरवून ठेवा. लॅपटॉपसोबत ऑफिस मिळालं असेल तर ते आधी स्वतःच्या खात्यात नोंदवा. इन्स्टॉल करताना डिस्क दिसली नाही तर घाबरू नका. इंटेलच्या बऱ्याच नव्या लॅपटॉपांत स्टोरेजचा ड्रायव्हर वेगळा द्यावा लागतो.

एक इमानदारीची गोष्ट. एवढं केलं म्हणजे सगळा धोका संपला, असं मी म्हणत नाही. २०१५ मध्येच लेनोवोच्या काही लॅपटॉपांत असं आढळलं की विंडोज कोरं टाकलं तरी बायोसमधून कंपनीचा प्रोग्रॅम परत येत होता. म्हणून बायोसही अपडेट करा. आणि कंपनीच्या रिकव्हरीतून केलेल्या रीसेटला पुन्हा टाकणं समजू नका; त्यातून कंपनीचीच भर परत येऊ शकते.

पण माझा खरा आग्रह सुरक्षिततेच्याही पुढचा आहे. आपल्या पोरांना मशीन वापरायला शिकवलं जातं, उघडायला नाही. "हात लावू नको, बिघडेल" हे ऐकतच आपण मोठे झालो. नवा लॅपटॉप कोरा असतो, त्यात गमावण्यासारखं काही नसतं. चुकलात तर पुन्हा टाका. भीती मोडायला याहून स्वस्त दिवस मिळणार नाही. खालाच्या मुलाने त्या रात्री दोनदा चुकून तिसऱ्यांदा जमवलं. आता मोहल्ल्यातले फोन त्याला जातात.