अकरावीचा पसंतीक्रम आणि लग्न जुळवण्याचं गणित: कनेक्शन काय?

दहावीचा निकाल लागला की गिरगावपासून परळपर्यंत घरोघरी एकच चर्चा असते: फॉर्ममध्ये पहिलं कॉलेज कोणतं टाकायचं? 'त्याचा कट-ऑफ जास्त आहे, वर टाकू नकोस, पसंती वाया जाईल,' हा सल्लाही ठरलेला. तो बरोबर आहे का?

आधी लग्नाचं गणित

१९६२ साली डेव्हिड गेल आणि लॉइड शेप्ली यांनी सिद्ध केलं, की मुलामुलींनी पसंतीक्रम दिले तर 'स्थिर' जोड्या नेहमी लावता येतात. म्हणजे आपापला जोडीदार सोडून एकमेकांकडे जावंसं वाटेल असे दोघं उरतच नाहीत. त्याच शोधनिबंधात त्यांनी हे गणित कॉलेज प्रवेशालाही लावलं. जोडीदाराच्या जागी सीट आली, इतकंच. शेप्ली यांना २०१२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं.

अकरावीत काय होतं?

कोट्याच्या जागा सोडल्या, तर इथे सगळी कॉलेजं एकच निकष लावतात: दहावीचे गुण. अशा वेळी लग्नाचं गणित आणि साधी रांग यांचं उत्तर एकच येतं. आपापल्या प्रवर्गात जास्त गुणवाल्याचा नंबर आधी. तुमची पाळी आली की तुमची यादी वरून खाली तपासली जाते आणि जिथे जागा शिल्लक, ते कॉलेज मिळतं.

म्हणजे रुपारेल पहिलं टाकलं म्हणून दुसऱ्या नंबरवरच्या कीर्ती कॉलेजची संधी कमी होत नाही.

मग पेच कुठे आहे?

२०२५-२६ पासून ही ऑनलाइन प्रक्रिया राज्यभर लागू झाली. त्यात पसंती जास्तीत जास्त १० देता येतात. शिवाय पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर तिथेच प्रवेश घ्यावा लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्या बंद.

समजा, लालबागच्या एखाद्या मुलीला रुपारेल हवंय, पण भीतीपोटी तिने कीर्ती पहिलं टाकलं. कीर्ती मिळालं की विषय संपला. रुपारेलची सीट तिच्यापेक्षा कमी गुणांवर दुसऱ्याला गेली, तरी ती काही करू शकत नाही.

थोडक्यात

कट-ऑफचा विचार दहा कॉलेजं निवडताना करा. दहाही अवघड टाकलीत, तर त्या फेरीत हाती काहीच लागणार नाही. पण निवडलेल्या दहांचा क्रम लावताना फक्त आवड बघा.