आपल्या सगळ्यात लाडक्या विनोदी बायका

नमनाला घडाभर तेल घालत नाही. मराठीतल्या तुमच्या सगळ्यात लाडक्या तीन विनोदी बायका सांगा बरं. पटकन!

मागच्या शनिवारी निराला बाजारात चहा पिताना चार मित्रांना हाच प्रश्न टाकला. उत्तरं आली ती अशी: ‘अशी ही बनवाबनवी’तली पार्वती, त्यातलीच सुधा, आणि ‘मोरूची मावशी’. घ्या! लक्ष्मीकांत बेर्डे, सचिन पिळगावकर आणि विजय चव्हाण. तिघंही बाप्ये. शेवटी एकजण डोकं खाजवत म्हणाला, "ती रे... गंगूबाई." तिचं खरं नाव काय? चौघांपैकी एकालाही आठवेना.

तिचं नाव निर्मिती सावंत. आणि आजचं हे पोस्ट म्हणजे त्या चौघांशी (आणि पाचव्या माझ्याशी) भांडण आहे.

शाळेत असताना आईनं मला तापडिया नाट्यमंदिरात ‘जाऊ बाई जोरात’ बघायला नेलं होतं. कथा काय होती ते आता विचारू नका. आठवतं ते एवढंच की आई डोळ्याला पदर लावून हसत होती, आणि घरी तिला तसं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. पुढे टीव्हीवर ‘कुमारी गंगूबाई नॉनमॅट्रिक’ आली आणि महाराष्ट्रानं या बाईला कायमची गंगूबाई करून टाकली. अशोक सराफांनी कितीही भूमिका केल्या तरी ते अशोकमामाच राहतात. हिची मात्र एक भूमिका गाजली आणि नावच पुसलं गेलं. हा न्याय कुठला?

बरं, तिनं तेवढंच केलं का? तर नाही. ‘वळू’मध्ये (२००८) ती आहे. ‘फू बाई फू’मध्ये तर परीक्षकाच्या खुर्चीत बसून ती दुसऱ्यांचा विनोद जोखत होती. आणि ‘झिम्मा’ (२०२१)! कोविडनंतर थिएटरं नुकती उघडली होती, लोक येतील की नाही याची धाकधूक होती, आणि लोक आले ते सात बायकांची ट्रिप बघायला. त्यातली तिची निर्मला आधी हसवते, आणि मग कधी गलबलून येतं ते कळतच नाही.

इथे आमच्या संभाजीनगरचा (तेव्हाचं औरंगाबाद) एक संदर्भ द्यायलाच हवा. आमच्या विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागातले प्रा. लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ एकट्यानं उभं केलं. बावन्न पात्रं, त्यात बायकाही, आणि स्टेजवर माणूस एकच. त्या कलेला दंडवतच, त्यावर वाद नाही. पण गंमत बघा. लंडनला निघालेल्या मराठी बायका आपण आधी एका पुरुषाच्या अंगात बघितल्या आणि डोक्यावर घेतल्या. बायका स्वतः लंडनला निघाल्या, तो सिनेमा यायला २०२१ उजाडलं.

आता माझा मुख्य पुरावा. ‘व्हॅक्युम क्लीनर’ नावाचं नाटक, लेखन-दिग्दर्शन चिन्मय मांडलेकर. नवरा-बायकोची अदलाबदल होते, त्याच्या अंगात ती आणि तिच्या अंगात तो. नवरा अशोक सराफ, बायको निर्मिती सावंत. म्हणजे काम अगदी फिफ्टी-फिफ्टी. उलट माझ्या मते तिचं जास्त अवघड. पुरुषानं बाईसारखं चालायला सुरुवात केली की आपण आपोआप हसतो, शंभर वर्षांची सवय आहे आपल्याला. बाईनं पुरुषासारखं बसायचं, पुरुषासारखं चिडायचं आणि त्यावर हशा मिळवायचा, त्यासाठी कसलीच तयार वाट नाही. ती वाट ती बनवते. आणि बाहेर पडताना लोक काय म्हणतात? "मामांचं नाटक मस्त होतं."

मामांना २०२३चा महाराष्ट्र भूषण मिळाला, २०२५ची पद्मश्री मिळाली. शंभर टक्के योग्य. १९९६ चा पहिला महाराष्ट्र भूषण तर पु.लं.चा. म्हणजे हसवणाऱ्याचा मान आपल्याला कळतो. पण इतक्या वर्षांच्या त्या यादीत विनोदी अभिनेत्री एकही नाही. एकही! ती अजून ‘फक्कड काम करते हो’ इथेच अडकलीय.

तुम्ही म्हणाल, ती लाऊड आहे राव. असेल. मग लक्ष्या काय कुजबुजत होता? तो ओरडला की ‘एनर्जी’, ती ओरडली की ‘आरडाओरडा’. त्याचं ‘टायमिंग’, तिचा ‘अवतार’. त्याच्या पोटावर कोणी बोलत नाही, तिच्या अंगावर मात्र पहिली कमेंट.

हे सगळं मोठ्या तोंडानं लिहितोय, पण एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी ऑफिसच्या अॅन्युअल डेला टीममधल्या एका मुलीनं मॅनेजर, क्लायंट, एचआर अशी सगळ्यांची नक्कल केली. स्क्रिप्ट तिचंच, हॉल लोळत होता. त्याच दिवशी दोन पोरं साड्या नेसून आली आणि फक्त चालून दाखवलं. पहिलं बक्षीस त्या पोरांना. मतदान चिठ्ठीनं होतं, आणि माझी चिठ्ठी पोरांच्याच नावाची होती. का? "ती जरा जास्तच करते यार," असं मी बाजूच्याला म्हटल्याचं मला स्पष्ट आठवतं. पुढच्या वर्षी तिनं भाग घेतला नाही. सूत्रसंचालन केलं, नीट साडी नेसून, एकही जोक न मारता.

तेव्हा निर्मितीबाईंना पुरस्कार द्यायला सरकारनं यावं तेव्हा यावं. आपण निदान एवढं करू: "ती रे... गंगूबाई" म्हणणं बंद करू. नाव आहे, नाव घ्या.

असो. आईला आत्ताच विचारलं, ‘जाऊ बाई जोरात’मध्ये कोण होतं गं? ती भाजी निवडता निवडता वर न बघता म्हणाली, "निर्मिती सावंत. का रे?"

तिला कधीच विसर पडला नव्हता.