प्लग काढा, पण धूळ आधी!

दोस्तांनो, ट्रॅक्टरमध्ये स्पार्क प्लग कुठे असतो, सांगा बरं? फसलात! डिझेलच्या इंजिनात तो नसतोच. तिथे हवा इतकी दाबली जाते, की तिच्या उष्णतेनेच डिझेल पेटतं. सायकलच्या चाकात हवा भरताना पंप तापतो ना, तोच प्रकार. पेट्रोलला मात्र ठिणगी लागते. बॅटरी असते १२ व्होल्टची. कॉइल हा दाब हजारो व्होल्टपर्यंत नेते, तेव्हा कुठे प्लगच्या टोकाशी, जेमतेम एक मिलिमीटरच्या फटीत ठिणगी उडते.

आता प्लग काढूया. घरातलं मोठं माणूस सोबत हवंच. उदाहरण घेऊ मारुती ८०० चं. हिचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं. हिला तीन सिलिंडर, म्हणून प्लगही तीन.

इंजिन पूर्ण गार होऊ द्या. लातूरच्या उन्हाळ्यात गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळीच काम करावं. हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं. गरम असताना जोर लावला तर आटे जातात आणि खर्च वाढतो. किल्ली काढून घ्या, बॅटरीची ऋण वायर सोडवा. प्लगच्या वायरींना १, २, ३ अशा चिठ्ठ्या चिकटवा. टोपी धरून ओढा, वायर धरून नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पाना लावण्याआधी प्लगभोवतीची धूळ सायकलच्या पंपाने उडवा, डोळे सांभाळा. कारण ते भोक थेट सिलिंडरात उघडतं. काळ्या रानातला एवढासा खडा आत गेला, तरी तो पिस्टनबरोबर वरखाली होत सिलिंडर खरवडतो.

मग प्लग पान्याने डावीकडे फिरवून एकेक प्लग काढा आणि टोक पाहा. फिकट तपकिरी असेल तर इंजिन ठणठणीत. तेलकट असेल तर ऑइल आत येतंय. पांढरंफटक असेल तर इंजिन जादा तापतंय. कोरडी काळी काजळी असेल, तर पेट्रोल जास्त आणि हवा कमी. अशा वेळी लगेच नवा प्लग आणू नका. आधी एअर फिल्टर उघडा. आपल्याकडच्या धुळीने तोच चोंदलेला असू शकतो!

बसवताना पहिले आटे नुसत्या बोटांनी फिरवा. अडलं, तर जोर न लावता उलटं फिरवून पुन्हा बसवा. पाना अगदी शेवटी, बेताने.

काय, तुमच्या गाडीचे प्लग कोणत्या रंगाचे निघाले?