पाऊस पडला की पाडला?

१६ एप्रिल २०२४ ला दुबईत पाणी तुंबलं, गाड्या बुडाल्या, विमानतळ ठप्प झाला. रात्री आईचा सांगलीहून फोन. आधी विचारपूस, मग लगेच, "काय रे, तुमच्याकडे पाऊस मुद्दाम पाडला म्हणे?"

आईचा दोष नाही. जगभर बातमी तशीच मांडली गेली. माणूस निसर्गाशी खेळला आणि फसला, ही गोष्ट ऐकायला मजेदार ना! पण अल ऐनजवळ खत्म अल शकला इथं २४ तासांत सुमारे २५४ मिलिमीटर पाऊस झाला, १९४९ पासूनच्या नोंदींत सर्वाधिक. ढगांत मिठाचे कण सोडून एवढं पाणी निघत नाही. आईला म्हटलं, हेच तंत्र मराठवाड्यात २०१५ आणि २०१९ ला वापरलं, दुष्काळ हटला का? शिवाय शेजारच्या ओमानमध्ये त्याच वादळी हवेनं शाळकरी मुलंही गेली. ती बातमी आमच्या नातेवाइकांपैकी कुणीच ऐकली नव्हती.

मला राग येतो तो इथे. "पाडला" म्हटलं की गटारांचं काय, तापणाऱ्या समुद्राचं काय, हे कुणी विचारत नाही. मुंबईत २६ जुलै २००५ ला ९४४ मिलिमीटर कोसळला, तेव्हा प्लास्टिकच्या पिशव्या खलनायक ठरल्या आणि मिठीकाठची अतिक्रमणं बरीचशी सुटली.

पुढे जूनमध्ये दुबईनं पावसाच्या पाण्याच्या निचऱ्यासाठी ३० अब्ज दिरहमची योजना जाहीर केली. आईच्या ग्रुपवर ती बातमी काही आली नाही.